लाभकाकांची वही

रास मोजत असलेल्या मापाऱ्याला मध्येच ‘किती झालं?’ असं विचारू नये, आणि कुणी विचारलंच तर त्यानं सांगू नये, हे बाळकडू चंद्रभान लांजेवारला भिवापुरात मिळालं होतं. त्याचा बाप पंचक्रोशीतला नावाजलेला मापारी. खळ्यावर ज्वारीची रास पडली की पायली घेऊन बसायचा तोच. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि दुसरी पायली भरेपर्यंत तेच घोकत राहायचं: लाभ, लाभ, लाभ. मग दोन, दोन, दोन. जीभ थांबली की मोजणी चुकली, आणि रास चालू असताना आकडा बाहेर फुटला की बरकत गेली. मग विचारणारा गावचा पाटील असो नाहीतर खुद्द ब्रह्मदेव. शेवटची पायली रिकामी झाली की बाप मान वर करून एकदाच आकडा सांगायचा, आणि त्या आकड्यावर कुणी हूं की चूं करत नसे.

चंद्रभानही त्याच तालमीत तयार झाला. चौथी पास, अक्षर टपोरं, आणि डोकं असं की शेजारी चार माणसं गचांडी धरून भांडत असली तरी त्याचा आकडा हलायचा नाही. पण त्याचं नशीब बघा. त्यानं पायली हातात घेतली न घेतली तोच सरकारनं किलोची मापं आणली. खळ्यावर काटे आले आणि पायली घरात तांदूळ काढायच्या कामी लागली. बाप म्हणाला, “आता आकडा लोखंड सांगते. तुयं-मायं काम सरलं गा.” एकोणीसशे बासष्ट साली चंद्रभान बायकोला, पंचफुलेला, घेऊन नागपूरला आला.

उमरेड रोडच्या अंगाला, नंदनवनच्या अलीकडे, अरुणोदय क्रीडा मंडळाचं मैदान होतं. तिथे त्याला चौकीदाराची नोकरी मिळाली. चौकीदार आपलं नावाला. मुरुमाच्या बास्केटबॉल मैदानावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्यानं रेषा आखायच्या, जाळी फाटली की शिवायची, आणि संध्याकाळी मुलींचा सराव सुरू झाला की कुंपणावर लोंबकळणारे टवाळ हाकलायचे. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. उंचावर टांगलेल्या टोपलीत चेंडू टाकायचा आणि त्या टोपलीला बूडच नाही, हे पाहून पहिल्या दिवशी त्याला या शिकल्यासवरल्या लोकांची कीव आली होती.

आता गुणांची वही त्याच्या हातात कशी आली ते ऐका. दोन-तीन वर्षांनी एकदा सरावाच्या सामन्यात वाऱ्यानं गुणांच्या पाट्या पडल्या आणि निळ्या-पिवळ्या मुलींची जुंपली. दोन्हीकडून आम्हीच जिंकलो म्हणून कालवा. मुलींचे कोच वसंतराव देवपुजारी हे महाल भागातल्या जुन्या भोसलेकालीन घराण्यातले, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. फायलीत कागद हरवला तर ते शोधून काढत, पण इथे त्यांनीही हात टेकले. तेव्हा रोलरला टेकून उभा असलेला चंद्रभान घसा खाकरून म्हणाला, “निळ्यायच्या चवदा टोपल्या अन् तीन अर्ध्या. पिवळ्यायच्या पंधरा टोपल्या, अर्धी एकबी नाई.”

अर्धी टोपली म्हणजे फ्री थ्रो, हे वसंतरावांना कळायला मिनिट गेलं. टोपलीचे दोन, अर्धीचा एक. एकतीस–तीस. मग चंद्रभाननं कुणी किती टाकल्या, कुणी किती हुकवल्या, तेही सांगितलं, आणि हुकवलेल्या पोरी लाजून दुसरीकडे पाहू लागल्या. सामना संपला होता, म्हणजे रास संपली होती, म्हणून तो बोलला. ही गोष्ट त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आली नाही, आणि पुढे ती सगळ्यांना महागात पडली.

दुसऱ्या दिवशी वसंतरावांनी कचेरीतून एक लांबलचक रजिस्टर आणून त्याच्या हातात ठेवलं. त्यात चंद्रभाननं आपला कारखाना उघडला. उभी रेघ म्हणजे मारलेला शॉट, रेघेवर फुली म्हणजे आत गेलेला, टिंब म्हणजे फाऊल, छोटा गोल म्हणजे परतून आलेला चेंडू झेलला. प्रत्येक मुलीची एक ओळ, प्रत्येक सामन्याचं एक पान. मैदानाच्या कडेला पाट मांडून तो बसे आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत राही. पहिली टोपली पडली की लाभ, लाभ, लाभ. मुलींनी त्याचं नाव लाभकाका ठेवलं. सुरुवातीला चेष्टेनं, मग सवयीनं. दहा वर्षांत त्याची पाच रजिस्टरं भरली आणि अख्ख्या विदर्भात कोणत्या मैदानावर कोणती मुलगी डावीकडून बरी आणि उजवीकडून ढ, हे त्या चौथी पास माणसाला ठाऊक झालं.

अरुणोदयच्या मुली चांगल्या होत्या, पण कप काही हाती लागत नव्हता. विदर्भाच्या स्पर्धेत चार वर्षं ओळीनं अंतिम सामना आणि चार वर्षं ओळीनं अमरावतीच्या संघाकडून हार. त्यातली चौथी हार पंच्याहत्तर सालची, आणि ती चंद्रभानच्या काळजात रुतून बसली.

त्या दिवशी अमरावतीच्या मैदानावर अरुणोदय सात गुणांनी पुढे होता. सगळी मदार पुष्पलतावर. पुष्पलता म्हणजे संघाचं नाक. चेंडू तिच्या हातात आला की लोक आधीच टाळ्या वाजवायचे. गर्दी मैदानाच्या रेषेपर्यंत आलेली, टेबलावरच्या फाऊलच्या पाट्या माणसांच्या आड गेलेल्या. वसंतरावांनी ओरडून विचारलं, “चंद्रभान, पुष्पलताचे फाऊल किती?”

पुष्पलताच्या ओळीत चार टिंबं होती. पाचवं पडलं की मुलगी बाहेर. चंद्रभानला ती चार टिंबं लख्ख दिसत होती. पण रास चालू होती. त्याची जीभ आकडा घोकत राहिली आणि तोंडातून शब्द फुटला नाही. वसंतरावांनी पुन्हा विचारलं. चंद्रभाननं मान खाली घातली. तीनच असतील असं धरून वसंतरावांनी तिला तशीच खेळू दिली, आणि पुढच्याच मिनिटाला पंचाची शिट्टी वाजली. पाचवा. पुष्पलता रडत बाहेर आली आणि सहा मिनिटांत सातांची आघाडी वाहून जाऊन अरुणोदय तीन गुणांनी हरला.

“तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का रे?” वसंतराव सगळ्यांदेखत कडाडले. चंद्रभान काय सांगणार? बरकत जाईल म्हणून बोललो नाही, हे त्या मैदानात कुणाला पटलं असतं? पुष्पलता मात्र त्याला एक शब्दही बोलली नाही. त्यामुळे तर तो पुरता मेला.

घरी आल्यावर पंचफुलेनं काय झालं ते खोदून खोदून काढलं. ऐकल्यावर तिनं कपाळावर हात मारला.

“थे का ज्वारीची रास होये? ज्वारीले काई सांगा लागत नाई, थे पायलीत पडते अन् गप राह्यते. ह्या पोरी आहेत. पोरी रडून राहिल्या अन् तुमी बरकत सांभाळून राहिले!”

“माया बापानं शिकवलं वं.”

“बापानं रोलर शिकवला होता का? थो ओढताच ना?”

बायको चूक असती तर त्यानं वाद घातला असता.

वसंतराव वर्षभर त्याच्याशी कामापुरतं बोलत. वही त्याच्याकडेच राहिली, कारण ते किचकट काम दुसरं कुणी करायला तयार नव्हतं. त्यातच दिवाळीनंतर बातमी आली: पुष्पलताचं लग्न ठरलं. मुलगा जबलपूरचा, फाल्गुनात मुहूर्त. म्हणजे संक्रांतीनंतरची स्पर्धा तिची शेवटची. आठ वर्षं ती या मैदानात घाम गाळत होती आणि कप न बघता सासरी जाणार होती. गेल्या साली तो तिच्या हातात आलाच होता. आपल्या मुक्या तोंडानं तो घालवला. यंदा नाही तर कधीच नाही, हे चंद्रभानला रोलर ओढताना, चुना कालवताना, जेवताना, सतत टोचत होतं.

त्यानं वहीत एक नवीन रकाना आखला. नाव दिलं, ‘आली–गेली’. ही बापाचीच विद्या. दोघं मापारी आळीपाळीनं रास मोजत असले आणि शेवटी धान्य कमी भरलं, तर बाप प्रत्येकजण पायलीवर बसला तेव्हा रास किती होती आणि उठला तेव्हा किती उरली ते आठवून बघायचा. चुकार हात तिथे सापडायचा. चंद्रभाननं तेच केलं. मुलगी मैदानात आली तेव्हा दोन्हीकडचे गुण किती आणि बाहेर गेली तेव्हा किती, ते लिहायचं. बाकी ती काय करते, टाळ्या कुणाला मिळतात, ते सोडून द्यायचं.

नऊ सामने झाले. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाटावर बसून त्यानं बेरजा मारल्या, आणि एका नावापाशी पेन्सिल थांबली. त्यानं बेरीज पुन्हा केली. मग उलटी, खालून वर केली. तीच आली.

ते नाव गोपिकाचं होतं. गोपिका वाडीची. तिचा बाप तिथे ट्रक दुरुस्त करायचा. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला दोन बस बदलून यायची, आणि बहुतेक वेळ बाकावर बसून परत जायची. उंच, काटकुळी, बोलायला मुखदुर्बळ. शॉट मारायला तर तिचा हातच उठायचा नाही. नऊ सामन्यांत तिचे सगळे मिळून गुण होते एकोणीस, आणि पुष्पलताचे एकशे अडुसष्ट. पण ‘आली–गेली’चा रकाना वेगळंच बोलत होता. गोपिका मैदानात असताना अरुणोदयचे गुण एकशे एकाहत्तर आणि समोरच्यांचे एकशे अठरा. ती बाहेर असताना अरुणोदयचे दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि समोरच्यांचे दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे ती नसली की आपण चक्क मागे. आणि सगळा मिळून तीन सामन्यांएवढा वेळसुद्धा ती खेळली नव्हती.

चंद्रभान वही घेऊन वसंतरावांकडे गेला. यंदाची रास अजून संपली नव्हती, तरी गेला.

वसंतरावांनी चष्मा वर करून रकान्याकडे पाहिलं. “हे काय नवीन?”

“सर, ही पोरगी असली का आपली रास वाढते.”

“अरे, बास्केटबॉलमध्ये बास्केट न करणाऱ्या मुलीचं मी काय लोणचं घालू?” वसंतरावांनी वही परत दिली. “चंद्रभान, संघ मी बघतो. तू उद्या विचारल्यावर फाऊल सांग, एवढं कर. तेवढंच खूप होईल.”

बोलणं रास्त होतं, म्हणूनच झोंबलं. चंद्रभान मुकाट्यानं रेषा आखायला गेला.

रविवारी दुपारी चारला सामना. यंदा मैदान घरचं, रेषा त्याच्या हातच्या, आणि गर्दी अशी की कुंपणावर बसलेल्यांना हाकलायचं कुणी मनातही आणलं नाही. पंचफुला जन्मात पहिल्यांदा सामना बघायला आली होती. पदराच्या गाठीत तिळाचे लाडू बांधून ती बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि ‘आमचे हे तिथं बसले, वहीवाले’ असं शेजारणीला सांगत होती.

अमरावतीच्या मुली नेहमीसारख्याच दांडग्या. त्यांची एक उंच गडीण टोपलीखाली उभी राहून परतणारा प्रत्येक चेंडू हाणून घेत होती. तिला अडवायचं काम पुष्पलताकडे, आणि अडवता अडवता पुष्पलताचे फाऊल वाढत होते. एक, दोन, तीन. सात मिनिटं उरली तेव्हा फळ्यावर अरुणोदय एकेचाळीस, अमरावती सत्तेचाळीस. आणि शिट्टी वाजली. पुष्पलताच्या ओळीत चंद्रभाननं चौथं टिंब दिलं.

गर्दी पुढे सरकली. टेबल दिसेनासं झालं. वसंतराव वळले आणि वर्षापूर्वीचाच प्रश्न वर्षापूर्वीच्याच आवाजात आला.

“चंद्रभान! पुष्पलता किती?”

चंद्रभानची जीभ ‘सत्तेचाळीस, सत्तेचाळीस’ करत होती. डोळ्यांसमोर बाप आला, पायलीवर हात ठेवून डोळे वटारलेला. चंद्रभाननं मनातल्या मनात त्याला हात जोडले. “बा, माफ कर,” असं मनातच म्हणून तोंड उघडलं.

“चार!”

आवाज इतका मोठा निघाला की पंचानंही मागे वळून पाहिलं. दहा वर्षांत सामना चालू असताना या माणसाचा शब्द कुणी ऐकला नव्हता. आणि एकदा बांध फुटल्यावर चंद्रभान थांबेना. तो पाटावरून उठलाच.

“चार झाले, सर! आता तिले त्या उंच पोरीपासून सोडवा! गोपिकाले घाला! एकशे एकाहत्तर आपले, एकशे अठरा त्यायचे! नऊ सामने, सर! माया आकडा कधी चुकला का?”

वसंतराव त्याच्याकडे बघतच राहिले. चुकला होता का? कधीच नाही. हेडक्लार्क माणूस, खऱ्या नोंदीपुढे मान तुकवायची त्यांना सवय होती. त्यांनी टाइमआउट मागितला.

“वाट लागली तर?” ते हळूच म्हणाले.

“तर वही मीच चुलीत घालतो.”

गोपिका मैदानात उतरली. चंद्रभाननं रकान्यात लिहिलं: आली, एकेचाळीस–सत्तेचाळीस. अक्षर टपोरंच आलं.

तिनं काय केलं, हे गर्दीतल्या निम्म्या लोकांना दिसलंच नाही. ती त्या उंच गडिणीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, पाय रोवून. धक्का नाही, झोंबाझोंबी नाही. चेंडू टोपलीवर आपटून परत यायचा तेव्हा त्या गडिणीला जागाच उरायची नाही. उरलेला चेंडू गोपिका झेलायची आणि पुष्पलताकडे द्यायची. पुष्पलताचं अडवायचं ओझं उतरलं होतं. ती मोकळी झाली आणि तिचे हात चालू लागले. चार मिनिटांत एकोणपन्नास–एकोणपन्नास. कुंपण हलायला लागलं. कुणीतरी ढोलकी आणली होती, ती फुटेस्तोवर बडवली.

शेवटच्या मिनिटाला अमरावती त्रेपन्न, अरुणोदय बावन्न. अमरावतीचा शॉट हुकला, चेंडू वर उडाला, आणि चार हातांमधून गोपिकानं तो ओढून घेतला. धावत ती समोरच्या टोपलीखाली पोचली. समोर कुणी नाही. सगळं मैदान बोंबललं, “मार! मार!” वसंतरावही ओरडले, “मार!” एकटा चंद्रभान ओरडला नाही. पोरीच्या ओळीत किती रेघा आणि किती फुल्या ते त्याला पाठ होतं, आणि तिलाही होतं. तिनं नजर फिरवली, डावीकडून पुष्पलता येत होती. डावी बाजू. डावीकडून पुष्पलता तीनात दोन टाकते, हेही वहीत होतं. चेंडू गेला, पुष्पलतानं उडी घेतली आणि जाळी हलली.

चोपन्न–त्रेपन्न. शिट्टी.

मग जे झालं त्याला मैदान म्हणावं की मंडई, काही कळेना. माणसं रेषा तुडवत आत घुसली. पहाटे उठून आखलेला चुना उधळला गेला, आणि चंद्रभानला आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काही वाटलं नाही. वसंतराव, तो कडक इस्त्रीचा माणूस, मुरुमात फतकल मारून बसून हसत होता. पंचफुलेनं लाडू सोडले आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटली, अमरावतीच्या मुलींच्यासुद्धा. त्याही घेऊन खात होत्या.

घामानं निथळलेली पुष्पलता गर्दीतून वाट काढत पाटापाशी आली. “काका, माझे किती?”

“चोवीस,” चंद्रभान म्हणाला. “बाई, गेल्या साली मी बोललो असतो तर...”

“गेल्या सालचं गेल्या साली.” तिनं दोन्ही हातांनी कप त्याच्या पुढ्यात धरला. “यंदा बोललात ना. धरा.”

त्याचे हात चुन्याचे होते. त्यानं ते धोतराला पुसले आणि कप धरला, आणि रडला. धडधडीत, सगळ्यांसमोर, पोरासारखा रडला.

“आणि गोपिकाचे किती?” मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं.

गोपिका बाजूला उभी होती. तिनं मान खाली घातली. एवढ्यात वसंतराव उठले, चंद्रभानच्या काखेतलं रजिस्टर काढून घेतलं आणि बक्षीस समारंभाच्या लाउडस्पीकरपाशी गेले. कचेरीत साहेबापुढे टिपण वाचावं तशा खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं.

“गोपिका. आज स्वतःचे गुण, शून्य. आली तेव्हा एकेचाळीस–सत्तेचाळीस. गेली तेव्हा चोपन्न–त्रेपन्न. नोंद घेणार, चंद्रभान लांजेवार.”

क्षणभर लोक मनातल्या मनात वजाबाकी करत होते. ती झाल्यावर जी टाळी पडली ती पुष्पलतालाही आठ वर्षांत मिळाली नव्हती, आणि ती वाजवण्यात पुष्पलता सगळ्यांच्या पुढे होती. गोपिकानं मान वर केली ती मग खाली घातली नाही.

वसंतराव माइक सोडायला तयार नव्हते. “चंद्रभान, आता रास संपली ना? मग सांग सगळ्यांना. आपल्या मंडळाचे कप किती झाले?”

चंद्रभाननं डोळे पुसले. बाप पायली पालथी घालून उठताना जसा मान वर करायचा तशी त्यानं मान वर केली. ‘एक’ म्हणणारा तो मापारी नव्हता.

“लाभ!”

मुलींनी तो शब्द झेलला. दहा वर्षं त्या ज्या पुटपुटण्याला हसल्या होत्या तेच त्या आता गळा काढून ओरडू लागल्या, लाभ, लाभ, लाभ, आणि लाभकाकाला कपासकट खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारू लागल्या. पंचफुला लाडवाचा हात उंचावून त्यांच्यामागून धावत होती आणि तीही तेच म्हणत होती. कुणी थांबायचं नाव घेईना, आणि ते बरोबरच होतं. दुसरी पायली भरेपर्यंत तेच म्हणत राहायचं असतं.